गाडी तुझी म्हणून रिपेरिंगही तुझंच?

तुमचा मेसेज वाचला आणि सगळ्यात आधी हे सांगते की हिशोब मागितला म्हणून तुम्ही कंजूष ठरत नाही. स्वतःची गाडी काढून तिघींना पुण्याला नेऊन आणलंत, त्यावर पदरचे पंचवीस हजार गेले, तर विचारायलाच हवं.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात. डिचोलीहून चौघी मैत्रिणी यांच्या गाडीने पुण्याला गेल्या. चोर्ला घाटात रात्री पावसात पाण्याने भरलेल्या खड्ड्यात चाक आपटलं, टायर फाटला, रिम वाकली, स्टेपनी काढली तर तिच्यात हवाच नाही, म्हणून गाडी टो करून बेळगावला न्यावी लागली. पुढे साताऱ्याजवळ एक मैत्रीण चालवत होती तेव्हाचं ओव्हरस्पीडचं ई-चलन नंतर यांच्या मोबाईलवर आलं. येताना एक जण कोल्हापुरात उतरली आणि निपाणीजवळ क्लच प्लेट गेली. टोइंग ४,४००, टायर ५,६००, रिम १,८००, चलन २,०००, क्लच ११,५००, एकूण २५,३००. यांनी भागिले चार करून प्रत्येकीकडे ६,३२५ मागितले, उत्तर आलं "गाडी तुझी, रिपेरिंग तुझं". आता यांना विचारायचंय की वकिलाची नोटीस पाठवू का, आणि गोव्यात कायदा वेगळा आहे त्याने काही फरक पडतो का.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. १८६७ चा पोर्तुगीज सिव्हिल कोड आपल्याकडे लग्नासारख्या बाबतीत अजून लागतो, पण असल्या देण्याघेण्याला भारतीय करार कायदा १८७२ च लागतो, जसा बेळगावला तसाच डिचोलीला.

निघायच्या आधी तुम्ही ग्रुपवर लिहिलं होतं "सगळा खर्च चौघींत सारखा, घरी आल्यावर हिशोब करूया" आणि तिघींनी अंगठा टाकला. लोकांना वाटतं स्टॅम्प पेपर नाही म्हणजे करार नाही, तसं नसतं, तोंडी बोलणं झालेलं असलं तरी करार होतो, तुमच्याकडे तर लेखी आहे. पण म्हणून सरसकट भागिले चार हेही कोर्टात टिकेल असं मला वाटत नाही. ट्रिपचा खर्च सारखा वाटायचं ठरलं होतं, गाडीच्या वयाचा खर्च वाटायचं कोणी कबूल केलं नव्हतं, त्यामुळे एकेक बिल वेगळं घ्या.

क्लच सोडून द्या. क्लच प्लेट झिजत झिजत जाते, ती निपाणीला गेली हा योगायोग, पुढच्या महिन्यात म्हापशाच्या बाजारात जायची तिथे गेली असती. नवीन प्लेट तुमच्याच गाडीत राहणार, तुम्हीच पुढची कित्येक वर्षं वापरणार. कोल्हापुरात उतरलेली क्लचचे पैसे देणार नाही म्हणते ते बरोबरच, पण ती उतरली म्हणून नाही, हा खर्च मुळात कोणाचाच नाही, तुमचाच आहे.

टायरचं अर्धवट तसंच. खड्डा ट्रिपमध्ये लागला हे खरं, पण तुम्हीच लिहिलंय की टायर साधारण निम्मा झिजलेला होता, मग जुन्याच्या बदल्यात नवा मिळाला तर निम्मी किंमत तुमची. उरलेले २,८०० चौघींत, म्हणजे ७०० एकीचे. रिम झिजत नाही, ती आपटूनच वाकली, ती सरळ चौघींत, ४५० एकीचे.

टोइंगवर जरा थांबते कारण इथेच भांडण होणार. करार कायद्याचं कलम ७० म्हणतं की फुकट करायचा हेतू नसताना तुम्ही दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काही केलंत आणि त्याने त्याचा फायदा घेतला, तर भरपाई द्यावी लागते. रात्री घाटातून चौघी सुखरूप बेळगावला पोचल्या, फायदा चौघींना झाला. पण स्टेपनीत हवा असती तर टोइंग लागलंच नसतं, आणि स्टेपनी बघणं गाडीमालकाचं काम. हा मुद्दा त्या काढायच्या आधी तुम्हीच काढा, अर्धं टोइंग स्वतःकडे घ्या, उरलेले २,२०० चौघींत, ५५० एकीचे. कायदा नेमकं अर्धंच म्हणतो असं नाही, पण मला हे न्याय्य वाटतं आणि समोरच्यालाही पटायला सोपं.

चलन वाटायचंच नाही. ते जी चालवत होती तिचं, पूर्ण. नंबर प्लेट तुमच्या नावावर म्हणून मेसेज तुम्हाला आला, पण मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ मधला गुन्हा चालवणाऱ्याचा, आणि अधिकाऱ्याने विचारलं तर कोण चालवत होतं ते सांगणं कलम १३३ खाली तुमच्यावर बंधनकारक आहे. दुसऱ्याने कायद्याने भरायचे पैसे स्वतःचं काही अडकलंय म्हणून आपण भरले तर ते परत मागता येतात, करार कायद्याचं कलम ६९. कायद्यातच उदाहरण आहे, जमीनदाराने सरकारी सारा थकवला आणि जमीन लिलावात जाऊ नये म्हणून कुळाने भरला, तर जमीनदाराने तो कुळाला द्यायचा. माझ्या मते तुमची गोष्ट त्यात बसते.

म्हणजे प्रत्येकीकडून १,७००, तिघींचे ५,१००, आणि जिने गाडी पळवली तिच्याकडून वर २,०००. एकूण ७,१००. तिघींकडून मागितलेल्या जवळपास एकोणीस हजारांवरून सातवर आलो म्हणून वाईट वाटेल, पण या सातातला एकेक रुपया तुम्ही तोंडावर सांगू शकता.

इन्शुरन्सचं विचारलंत. क्लचसारखी झीज पॉलिसीत येत नाही. टायर तर गाडीला दुसरं नुकसान झालेलं असेल तरच, तोही पन्नास टक्के, वर १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले १,००० तुमचे, आणि नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दलची सूट) जातो तो वेगळा. एवढ्यासाठी क्लेम करू नका.

नोटीस आत्ता नको. मैत्रीण आहे ती, नोटिशीचा कागद हातात पडला की पैसे कदाचित येतील पण बोलणं संपेल, आणि माझी वकिलीची फी ७,१०० च्या जवळ जाईल. पोलिसात तर मुळीच जाऊ नका, सुरुवातीपासून फसवायचा हेतू असेल तर फसवणूक, इथे नुसता हिशोबाचा वाद आहे. बिलांचे फोटो आणि वरचा हिशोब प्रत्येकीला वेगवेगळा पाठवा, ग्रुपवर नको, ग्रुपवर माणूस इतरांसमोर अडून बसतो.

तरी नाहीच जमलं तर तालुका विधी सेवा समितीकडे दाखलपूर्व लोकअदालतीसाठी (दावा दाखल करण्याआधीच तडजोड) अर्ज द्या. कोर्ट फी नाही, तडजोड झाली तर तिला दिवाणी कोर्टाच्या हुकुमनाम्याची किंमत आणि त्यावर अपील नाही, शिवाय बाईमाणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो (विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चं कलम १२). घाई नाही, पैसे भरल्यापासून ३ वर्षं मुदत आहे. तोवर ते चॅट डिलीट करू नका आणि फोन बदललात तरी जुना ठेवा, कारण नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही, भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं) प्रमाणपत्र जोडावं लागतं.

चलनाच्या मैत्रिणीशी मात्र आजच बोला, आणि चलन अजून भरलं नसेल तर थकीत ठेवू नका, आरटीओत तुमच्याच गाडीचं काम अडेल. ती काय म्हणाली ते कळवा.