चाळीस कलमांचा विषय

*ताई,*

*मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय प्राणिशास्त्र. गाव देवगड तालुक्यात, वाघोटण खाडीच्या काठाला. यंदा माझी दोन ठिकाणी निवड झाली. एक, तीन विज्ञान अकादम्यांची उन्हाळी संशोधन फेलोशिप. मे ते जुलै असे दोन महिने, गोव्यात दोना पावलाच्या एनआयओमध्ये (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत). विद्यावेतन आणि प्रवासभाडं मिळतं, पण काम म्हणजे खाडीचा गाळ चाळणं. तसला गाळ आम्ही लहानपणापासून मुळे (खाडीतले शिंपले) काढताना तुडवतोय. दुसरं, युरोपातल्या एका विद्यापीठात चार आठवड्यांचं समर स्कूल, विषय 'सस्टेनेबिलिटी आणि लीडरशिप'. ते पुण्यातल्या एका एजन्सीमार्फत आहे. नोंदणीचे पंधरा हजार भरलेत. फी, विमान, राहणं, व्हिसा धरून चार लाख होतील. बाबा बघतायत, हापूसची चाळीस कलमं पाच वर्षांच्या कराराने द्यायचं बोलणं झालंय, अक्षय्य तृतीयेला विसार घेणार आहेत, पण तो विषय वेगळा. दोन्हींच्या तारखा एकमेकींवर येतात. वाडीत सगळ्यांना कळलंय, एसटी स्टँडवर माझ्या फोटोचा अभिनंदनाचा फ्लेक्सही लागलाय. गोव्याचं घरी 'एक ट्रेनिंग आहे' इतकंच सांगितलंय. तिथल्या मॅडमचे दोन मेल येऊन गेले, मी अजून उत्तर दिलेलं नाही. पुढे मला एम.एस्सी.ला परदेशात जायचंय. बायोडेटावर वजन कशाचं जास्त पडेल?*

*– कात्रीत सापडलेली, देवगड*

अगं कात्रीतल्या मुली,

तुझं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, सोपं आहे, चार ओळींत उत्तर देऊन टाकू. दुसऱ्यांदा वाचताना "पण तो विषय वेगळा" इथे अडखळले, आणि बायोडेटाचं मनातून पार गेलं.

चाळीस कलमं. आकडा तुला पाठ आहे. करार किती वर्षांचा ते माहीत आहे, विसार कुठल्या दिवशी घेणार तेही. ज्या मुलीला हा विषय खरोखर वेगळा वाटत असतो ना, तिला यातलं काही ठाऊक नसतं. 'पैशांचं बाबा बघतायत' म्हणते आणि मोकळी होते. तुला मोकळं होता आलं नाही. लिहिल्याशिवाय राहवलं नाही, आणि लिहून झाल्यावर वर झाकण ठेवलंस.

आपण साधा हिशेब करू. चार लाख भागिले चाळीस, भागिले पाच. एका कलमाचे वर्षाला दोन हजार रुपये. सीझनच्या तोंडाला देवगडच्या चांगल्या हापूसची पाच डझनाची पेटी याहून महाग जाते, हे मी तुला सांगायला नको. म्हणजे अख्खं झाड, वर्षभर, एका पेटीच्या भावात. करार संपेल तेव्हा तू पंचविशीला टेकलेली असशील आणि लीडरशिपचं ते सर्टिफिकेट कुठल्या फाइलीत आहे ते घरभर शोधावं लागेल.

आणि झाड परत येतं ते कसं येतं? कराराने घेणारा माणूस वाईटच असतो असं मी म्हणत नाही. पण त्याला पाच वर्षांत पैसे वसूल करायचे असतात आणि ते कलम त्याच्या आजोबाने लावलेलं नसतं. हापूस मुळात वर्षाआड धरणारा. तो दरसाल धरावा म्हणून पावसात बुंध्याभोवती कल्टार नावाचं वाढ रोखणारं औषध घालतात. त्याने पालवी दबते, वाढ थांबते आणि झाड मोहोराला लागतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने याचं माप घालून दिलेलं आहे: झाडाच्या विस्ताराच्या दर मीटरला तीन मिली, १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान, आणि झाड राबवून घेतो म्हटल्यावर खतही वाढवायचं. कराराच्या बागेत हे माप कोण बघत बसतं? आणि शेवटच्या वर्षी, दुसऱ्याच्या ताब्यात जाणाऱ्या झाडाला खत कोण घालतं? तू जुलैत युरोपातून परत येशील तेव्हा तुमच्या बागेत त्याचे गडी आळी उकरत असतील. बघ जाऊन, जमलं तर.

मी हे ऐकीव सांगत नाही. १९९६ साली माझ्या भावाच्या इंजिनिअरिंगच्या डोनेशनसाठी आमची सव्वीस कलमं अशीच पाच वर्षांना गेली. परत आली तेव्हा शेंड्याला पानांचे बारीक बारीक गुच्छ, जणू कुणी झाडाचा गळा आवळून धरलाय. चार मेली. दादा (आमचे वडील) त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. फक्त पडवीत बसायची जागा बदलली. आधी बागेकडे तोंड करून बसायचे, नंतर रस्त्याकडे. भावाच्या हे लक्षात यायला सात-आठ वर्षं गेली. आज तो पुण्यात आहे, बरं चाललंय त्याचं. दर एप्रिलला चार पेट्या मागवतो आणि भावात घासाघीस करत नाही. बायकोला वाटतं उदार आहे.

आता तुझे बाबा. तुला वाटत असेल मी म्हणेन, बघ गं, लेकीसाठी काय काय करतायत. नाही म्हणणार. चाळीस कलमं देताना त्यांनी घरात कुणाला विचारलं? पत्रात तरी तसं काही दिसत नाही. बापाने न बोलता सोसायचं आणि लेकीने न बोलता ओझं उचलायचं, याला आपल्याकडे माया म्हणतात. मला त्याचा राग येतो. चार लाखांचा सौदा माणूस बायकोशी न बोलता करतो, आणि मग मुलीने त्या उपकाराखाली जन्मभर वाकून चालायचं. शिवाय 'माझी चेडू परदेशात गेली' हे एसटी स्टँडवर चारचौघांत म्हणता येणं, ही त्यांचीही हौस आहे. हौसेला माझी ना नाही, पण तिचं नाव त्याग ठेवू नये.

तरी एका गोष्टीत मी त्यांना सोडते. त्यांना गोव्याचं माहीतच नाही. ते तू सांगितलं नाहीस.

'एक ट्रेनिंग आहे.' अगं, काय हे! बंगळुरूची, दिल्लीची आणि प्रयागराजची, अशा देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून ही फेलोशिप देतात. अर्ज देशभरातून येतात. त्यात तू लिहिलेलं टिपण वाचलं जातं, शिक्षकांचं पत्र वाचलं जातं, आणि मग एखादा शास्त्रज्ञ म्हणतो, ही मुलगी माझ्याकडे पाठवा. ज्या संस्थेत तू जाणार आहेस ती १९६६ साली सुरू झाली, हिंदी महासागराच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय मोहिमेच्या पाठोपाठ. आणि घरी सांगताना तू ते टायपिंगच्या क्लासच्या पंक्तीला नेऊन बसवलंस. का, ते मला कळतं. कणकवलीला मांडवी एक्सप्रेस पकडली की संध्याकाळी गोव्यात करमळीला उतरता येतं. जिथे आपली माणसं मासे आणि काजू घेऊन जातात-येतात, तिथे जाण्याला कुणी फ्लेक्स लावत नाही. विमान लागलं असतं तर लावला असता.

समर स्कूलच्या निवडीचं पत्र पुन्हा उघडून बघ. अभिनंदन आणि फी भरायची लिंक एकाच मेलमध्ये आहे की नाही? निवड कशाची झाली मग? चार लाख भरू शकणाऱ्यांची. ती एजन्सी लबाड आहे असं मी म्हणत नाही, वर्ग भरेल, कालव्याकाठी फोटो होतील, चार देशांची मुलं भेटतील. हौस म्हणून, परवडत असेल तर, जरूर जावं. पण कलमं देऊन करायची ही गोष्ट नाही. आणि ते पंधरा हजार गेले असं समज. त्यांच्या मागे चार लाख धाडू नकोस.

आता गाळाचं बोलू, कारण ते तू ज्या सुरात लिहिलंयस तो सूर मला आवडला नाही. दोना पावलाला माझी एक मैत्रीण याच कामात आहे. एकदा मी तिच्या टेबलापाशी दोन तास बसले होते. खाडीतून आणलेला गाळ अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीवर पाण्याने धुतात. चिखल वाहून जातो आणि वर उरतं ते फॉर्मलीनमध्ये ठेवतात, त्यात रोज बेंगाल नावाचा रंग असतो. गाळ काढला त्या वेळी जे जिवंत होतं ते त्या रंगाने गुलाबी होतं. शिंपल्यांचा चुरा, काटक्या, कचरा, कोळशाचे कण, सगळं आहे तसं मळकट, आणि मधे हे गुलाबी जीव. तिने मला सूक्ष्मदर्शकाखाली एक बोटाच्या पेरापेक्षा लहान किडा दाखवला, दोन्ही बाजूंना केसांच्या रांगा, वल्ह्यांसारख्या. कुठले किडे किती, यावरून खाडीत सांडपाणी शिरतंय का ते कळतं. मी म्हटलं, हे सगळं आमच्या पायाखाली होतं? ती हसली.

तुझ्या पायाखाली तर ते जन्मापासून आहे. ओहोटीला गुडघाभर गाळात उभं राहून, बोटांनी चाचपून मुळे काढणारी मुलगी त्या प्रयोगशाळेत कितीजणी असतील? गाळ कुठे भुसभुशीत, कुठे पाय रुततो, भरती कधी फिरते, कुठल्या वासाच्या गाळात काही सापडत नाही, हे तुला शिकवावं लागणार नाही. बाकीच्यांना महिना जाईल त्यात.

परदेशाचं म्हणशील तर, जा ना! मी कशाला अडवू? पण त्यांच्या पैशाने जा. युरोपात इरास्मस मुंडस नावाच्या शिष्यवृत्त्या आहेत. दोन वर्षांचं एम.एस्सी., एकाहून जास्त देशांत शिकायचं, फी भरावी लागत नाही आणि वर महिन्याला १४०० युरो मिळतात. समुद्री जीवशास्त्राचाही असा अभ्यासक्रम आहे, बेल्जियममधलं घेंट विद्यापीठ तो चालवतं. अशा अर्जाला शिफारसपत्रं लागतात. चार आठवडे वर्गभर मुलांना स्लाइड दाखवणारा प्राध्यापक तुझ्याबद्दल काय लिहील? 'उपस्थित होती.' गोव्याच्या मॅडमनी तुला दोन महिने चाळणीपाशी, चुकताना, पुन्हा मोजताना पाहिलेलं असेल. विचारलंस म्हणून सांगितलं. वजन तिकडे आहे.

आज रात्री जेवणं आटपली की बाबांच्या समोर बस. आईलाही बसव, तिचं नाव तुझ्या अख्ख्या पत्रात नाही. फोनवर फेलोशिपचं पत्र उघड. इंग्रजीत आहे, तेव्हा तूच एकेक ओळ मराठीत वाचून दाखव, आणि विद्यावेतनाचा आकडा मोठ्याने वाच. तुला जिथे पैसे देऊन बोलावलंय ते ठिकाण तू घरात लपवून ठेवलंस, हेही सांग, त्याशिवाय पुढचं बोलता येणार नाही. आणि मग म्हण, "बाबा, विसार घेऊ नका." चारच शब्द आहेत. अक्षय्य तृतीयेची वाट बघू नकोस, विसार हातात पडल्यावर हे चार शब्द चाळीस होतात आणि तरी पुरत नाहीत.

ते चिडतील. म्हणतील, मी लोकांना काय तोंड दाखवू. चिडू दे. त्याच वेळी तिथेच बसून गोव्याच्या मॅडमना मेल कर. उशीर झाल्याबद्दल एका वाक्यात माफी, येते म्हणून एक वाक्य, कधी येते त्याची तारीख. कारणं लिहू नकोस. दोन मेल पाठवून कुणी वाट बघतंय, आणि तू मला पत्र लिहीत बसलीस!

राहिला फ्लेक्स. तो कुणाकडून तरी उतरवून घरी आण, फाडू नको. आगोट जवळ आली आहे, सरपणावर घालायला लागेल. फोटो आतल्या बाजूला करून घाला.

– ताई