चार माणसांच्या घराला ओटीजी (विजेचा ओव्हन-टोस्टर-ग्रिल) किती लिटरचा घ्यावा, आणि आपल्याकडच्या पावसात तो कसा सांभाळावा?

तुम्ही विचारलंय ते असं: बेळगावजवळच्या खानापूरच्या बाजूला राहता, घरात चार माणसं आहेत. केक, नानकटाई, टोस्ट आणि हंगामात रताळी भाजायला ओटीजी घ्यायचाय. किती लिटरचा घ्यावा, वायरिंग बदलावं लागेल का, आणि शेजारच्या घरातल्या ओटीजीची काच तपकिरी झालीय तशी होऊ नये म्हणून काय करायचं.

लिटर राहू देत, आधी स्वयंपाकघरातला बोर्ड बघा. 25 ते 28 लिटरचा ओटीजी साधारण 1500 ते 1600 वॅटचा असतो, म्हणजे 230 व्होल्टला साडेसहा-सात अँपिअर ओढतो. मिक्सर लावतो तो लहान सॉकेट 6 अँपिअरचा. त्यात मोठी पिन बसत नाही म्हणून लोक कन्व्हर्टर प्लग आणतात, तिथंच चूक होते. पाच मिनिटं चालतं, पण केकला पाऊण तास लागतो. तेवढ्यात प्लग मऊ पडतो, जळका वास येतो आणि सॉकेटची भोकं काळी होतात. फ्रिज किंवा गिझरला असतो तसा 16 अँपिअरचा सॉकेट कट्ट्याजवळ हवा आणि त्याला मेन बोर्डापासून वेगळी, 2.5 चौरस मिलिमीटर किंवा त्याहून जाड तांब्याची वायर हवी. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. वायरमन आलाच आहे तर अर्थिंगही तपासून घ्या. जुन्या कौलारू घरांत तिसऱ्या भोकात वायर नुसती अडकवलेली असते, खाली जमिनीत काहीच गेलेलं नसतं. ओटीजीचं अंग पत्र्याचं असतं. चालू असताना त्याला हात लावल्यावर बारीक मुंग्या आल्या, तर आधी अर्थिंगकडे बघायचं.

व्होल्टेजचं गणितही समजून घ्या, कारण खेड्यातल्या निम्म्या तक्रारी यातून येतात. व्होल्टेज जेवढं उतरतं त्याच्या वर्गाच्या हिशोबानं उष्णता उतरते. 1500 वॅटचा ओव्हन 180 व्होल्टला जेमतेम 920 वॅटचा राहतो. संध्याकाळी सगळीकडचे पंप आणि दिवे चालू असताना केक लावला की तो मधे कच्चा राहतो आणि दोष बेकिंग पावडरला जातो. तुमच्या फिडरवर (गावाला वीज आणणाऱ्या लाइनवर) असं होत असेल तर केक दुपारी लावा.

बिलाचं म्हणाल तर एक 7 इंची केक, आधी तापवण्यासकट, अंदाजे पाऊण युनिट खातो, कारण तापमान राखणारा थर्मोस्टॅट मधेमधे तापणारा रॉड बंद करत असतो. गृहज्योतीत, म्हणजे कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेत, असाल तर मीटर जरा बघत राहा की. महिन्याला 200 युनिटांच्या पुढे गेलात तर सगळंच बिल भरावं लागतं. आठवड्याला दोनदा बेकिंग केलं तरी महिन्याची सहा-सात युनिटं होतात. 200 च्या काठावर असणाऱ्या घराला ती जड जातील.

आता लिटर. चार माणसांना 25 ते 30. 16-19 लिटरवाले स्वस्त दिसतात, पण त्यांत वरचा रॉड केकच्या डोक्यावरच येतो: वरून काळा, आतून कच्चा. 40 च्या वर गेलात तर रोजच्या चार ब्रेडसाठी एवढी मोठी पेटी तापवत बसाल. खरं म्हणजे लिटरपेक्षा आतलं माप महत्त्वाचं. बेळगावात गणपत गल्लीत किंवा खडेबाजारात दुकानात जाताना टेप आणि घरातलं केकचं भांडं बरोबर न्या. भांड्याच्या चारी बाजूंनी इंचभर जागा सुटली पाहिजे, आणि केक फुगल्यावरही वरच्या रॉडपर्यंत दोन इंच उरले पाहिजेत. 9 इंची भांडं वापरणार असाल तर आतली रुंदी आणि खोली दोन्ही किमान 11 इंच बघा. दुकानदार चिकन फिरवायच्या सळीचं कौतुक करेल. ती घेऊ नका असं नाही, पण तिच्यासाठी जादा पैसे देऊ नका. बहुतेक घरांत ती खोक्यातच राहते.

पैसे द्यायचेच तर या गोष्टींना द्या. खालचा रॉड, वरचा रॉड आणि दोन्ही एकत्र असं वेगवेगळं चालवता येणारं बटण. 250 अंशांपर्यंतचा थर्मोस्टॅट. आतला दिवा, कारण दार उघडून बघितलं की केक बसतो. पंखा नानकटाईचे दोन ट्रे एकदम लावणाऱ्याला उपयोगी पडतो. तो चालू असेल तर तापमान 15-20 अंशांनी कमी ठेवायचं. दाराची परीक्षा दुकानातच करा: कागदाची पट्टी फटीत धरून दार लावा आणि ओढा. चारी बाजूंना अडकली तर दार ठीक, एखाद्या बाजूनं अलगद सुटून आली तर तिथून कायम उष्णता जाणार.

घरी आणल्यावर ठेवायची जागा: मागे-बाजूला चार बोटं आणि वर वीतभर मोकळं. फ्रिजवर नको, प्लायवूडच्या कपाटाखाली नको. विणलेलं कव्हर घालायची हौस असेल तर पूर्ण गार झाल्यावरच. पहिल्यांदा रिकामाच दोन्ही रॉडवर 230 अंशांना 20 मिनिटं चालवा, खिडकी उघडी ठेवून. रॉडवरचं कारखान्यातलं तेल जळतं, त्याचा धूर होतो. तो एकदाच.

यानंतरचं काम बहुतेक जण करत नाहीत, आणि मग वर्षभर रेसिपीला दोष देत बसतात. बटणावरचं 180 म्हणजे आतलं 180 नव्हे. या लहान ओव्हनांत 15-20 अंशांचा फरक सर्रास असतो. जाळीवर ठेवायचा ओव्हन थर्मामीटर मिळाला तर उत्तमच, नाहीतर साखर वापरा. साखर साधारण 186 अंशांना वितळते. ओव्हन 175 ला लावून 15 मिनिटं तापू द्या, मग छोट्या स्टीलच्या वाटीत चमचाभर साखर मधल्या जाळीवर 15 मिनिटं ठेवा. दाणे दाण्यांसारखेच राहायला हवेत, फार तर कडा किंचित पिवळसर. मग 190 ला नव्या साखरेनं तसंच करा. आता ती पाघळायला हवी. 175 लाच पाघळली तर तुमचा ओव्हन जास्त तापतो, 190 लाही कोरडी राहिली तर कमी. जो फरक निघेल तो पेनानं लिहून बटणाशेजारी चिकटवा. ही परीक्षा व्होल्टेज नीट असताना करा, नाहीतर तीही फसेल.

टायमर फिरवायचा असतो तो चावीचा. दहा मिनिटांहून कमी वेळ लावायचा असेल तर आधी 20 च्या पुढे न्यायचा आणि मग मागे आणायचा, नाहीतर स्प्रिंग नीट भरत नाही आणि घंटी वाजत नाही. नुसत्या टोस्टसाठी ओटीजी घ्यायचा विचार असेल तर तो सोडा. साधा पॉप-अप टोस्टर दोन-तीन मिनिटांत काम करतो. इथं आधी तापवणं धरून दहा जातात.

केकला 180 वर 35 ते 40 मिनिटं, जाळी मधल्याच्या एक खाली. पहिली 25 मिनिटं फक्त खालचा रॉड, मग दोन्ही. वरून लवकर रंग आला तर फॉइल अलगद टेकवा, पण ती रॉडला लागू देऊ नका. नानकटाईला 160 वर 18-20 मिनिटं. बाहेर काढताना ती मऊच लागते, गार झाल्यावर खुसखुशीत होते. मऊ आहे म्हणून आणखी पाच मिनिटं ठेवली की बूड करपलं. दुकानात ‘बटर पेपर’ म्हणून मिळतो तो बऱ्याचदा पुडीचा कागद असतो. ओव्हनला सिलिकॉन लावलेला बेकिंग पेपर लागतो, आणि तोही ट्रेच्या बाहेर लोंबता ठेवायचा नाही.

रताळ्यांना मात्र आधी तापवलेला ओव्हन नको. पाऊण वीतभर लांबीची, एकसारख्या जाडीची रताळी घ्या, माती धुऊन कोरडी करा, काट्यानं चार-पाच ठिकाणी टोचा आणि थंड ओव्हनमध्येच ठेवून 200 लावा. हळू तापताना साधारण 60 ते 75 अंशांच्या टप्प्यात रताळ्यातलं एन्झाइम पिठाची साखर करतं. तो टप्पा जितका रेंगाळेल तितकं रताळं गोड. 50-55 मिनिटं, अर्ध्यावर उलटायचं. टोचलेल्या भोकांतून पाक झिरपतो आणि गळतो, म्हणून जाळीखाली ट्रे हवाच. तो पाक खालच्या रॉडवर पडला तर काळा, काचेसारखा कडक होऊन बसतो. काजूगराला 150 वर 10-12 मिनिटं, मधे एकदा हलवून. रंग बघून काढा, कारण बाहेर काढल्यावरही ते थोडे भाजत राहतात. भरिताची वांगी यात भाजतात खरी (टोचल्याशिवाय ठेवू नका, फुटतात), पण धुराची चव येत नाही, सप्पक लागतं. त्याला गॅसच बरा. आणि कुणी मांड्यांचं विचारलं तर सांगून ठेवतो, मांडे खापरावरच होतात.

पावसाळ्यात सादळलेली खारी, बटर, चिवडा यांना 120 वर आठ-दहा मिनिटं द्या. यासाठीच खानापूर-बेळगावकडे ओटीजी वसूल होतो, असं माझं मत.

पण हाच पाऊस ओव्हनलाही बाधतो. रॉडच्या नळीत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड भरलेली असते, ती हवेतला दमटपणा ओढून घेते. जूनपासून ओव्हन तसाच पडून राहिला की गणपतीला बटण दाबताच ईएलसीबी (वीज झिरपली की पुरवठा तोडणारा स्विच) खाली पडतो. वीज रॉडमधून पत्र्यात झिरपते म्हणून ते होतं. अशा वेळी ईएलसीबी बाजूला काढून ओव्हन चालवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका; मेकॅनिककडून रॉड तपासून घ्या. टाळायचा उपाय सोपा आहे: पावसाळ्यात आठवड्याला एकदा रिकामा ओव्हन 150 ला दहा मिनिटं चालवायचा. झुरळं आणि उंदीरही मग आत बिऱ्हाड करत नाहीत.

आता साफसफाई, म्हणजे तुमच्या शेजाऱ्यांची काच. तो तपकिरी थर म्हणजे तेलाचे बारीक थेंब पुन्हा पुन्हा भाजून झालेलं वार्निश. साबणानं निघत नाही. पिन काढा, ओव्हन पूर्ण गार होऊ द्या. गरम काचेवर गार पाण्याचा शिपका पडला तर ती तडकू शकते. तीन चमचे खायचा सोडा आणि एक चमचा पाणी असा दाट लेप फक्त काचेवर लावा, दार आडवं उघडून ठेवा म्हणजे ओघळणार नाही. ताज्या डागाला अर्धा तास, जुन्याला रात्रभर, वरून ओलं फडकं घालून, नाहीतर लेप वाळून नुसती भुकटी उरते. सकाळी प्लॅस्टिकच्या घासणीनं गोल गोल घासा, दोनदा ओल्या फडक्यानं पुसा. सोड्यावर व्हिनेगर ओतून फेस काढायची पद्धत दिसायला छान आहे, पण आम्ल आणि अल्क एकमेकांना मारतात आणि मागे उरतं ते खारट पाणी. पांढरट डाग राहिला तरच शेवटी पाण्यात मिसळलेल्या व्हिनेगरचा हात फिरवा.

हाच लेप आतल्या भिंतींना लावू नका. तिथं बहुतेक वेळा जस्ताचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा असतो. सोड्यानं तो काळपट पडतो आणि लिंबानं झिजतो. भिंतींना कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, पिळलेलं फडकं, एवढंच. तारेची घासणी तर मुळीच नको. एक तर मुलामा खरवडला की आपल्या हवेत त्या जागी गंज धरतो. दुसरं, तिची बारीक तार तुटून रॉडच्या टोकाशी अडकली तर शॉर्ट होतं. रॉड घासायचे नसतात. त्यांच्यावरचं तेल 230 ला दहा मिनिटं रिकामा चालवून जळून जातं. रताळ्याचा पाक बसला असेल तर गार रॉडवर ओलं फडकं 15 मिनिटं ठेवून मऊ करा, पुसा, आणि पूर्ण वाळेपर्यंत पिन लावू नका.

तळाला चुऱ्याचा सरकता ट्रे असतो तो प्रत्येक वापरानंतर झटका. धूर आणि आग बहुतेक तिथूनच सुरू होते. मेहनत वाचवायला त्यावर फॉइल अंथरतात, ते करू नका. फॉइल उष्णता परत वर फेकते, खालचा रॉड नको तेवढा तापतो आणि आयुष्यातून उठतो. फॉइल घालायची तर जाळीखालच्या भाजायच्या ट्रेमध्ये घाला. जाळ्या आणि ट्रे गरम पाण्यात साबण घालून तासभर भिजत टाका, मग घासा. धुतल्यावर पुसून ओव्हनमध्ये ठेवा आणि 100 ला पाच मिनिटं चालवा, म्हणजे वेल्डिंगच्या सांध्यात पाणी राहून गंजणार नाही.