भौतिकवादावर वाचायला सुरुवात करताय? आधी मोजमाप बघा

भौतिकवाद म्हणजे इथे वस्तूंना आणि त्यांच्या मालकीला आयुष्यात फार महत्त्व देणं. पैसा असणं आणि भौतिकवादी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं सुरुवातीलाच पक्कं करा. खिसा रिकामा असलेला माणूसही पक्का भौतिकवादी असू शकतो. संशोधक रिचिन्स आणि डॉसन यांची भौतिकवाद मोजणारी १९९२ची १८ विधानांची प्रश्नावली मिळवा आणि आधी स्वतः भरून पाहा. तिचे तीन भाग आहेत: वस्तूंना आयुष्यात मध्यवर्ती जागा देणं, यश वस्तूंवरून जोखणं आणि 'अमुक मिळालं की सुखी होईन' असं मानणं. मला तिसरा भाग सगळ्यात घातक वाटतो. मिळालेल्या वस्तूची सवय होते आणि ते 'अमुक' आणखी पुढे सरकतं.

मग डिटमार आणि सहकाऱ्यांचं २०१४चं मेटा-विश्लेषण, म्हणजे अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र करून केलेला अभ्यास, वाचा. भौतिकवाद जास्त तिथे समाधान कमी, हे त्यात दिसतं. पण हा संबंध माफक आहे, त्यामुळे भडक मथळे सोडून द्या. शिवाय कारण कुठलं आणि परिणाम कुठला? एकटी, असुरक्षित वाटणारी माणसंही वस्तूंकडे वळतात. एकदाच भरून घेतलेल्या प्रश्नावलीवरून छातीठोक बोलणाऱ्यांवर जरा संशय घ्या. 'वस्तूंपेक्षा अनुभवांवर खर्च बरा' हे संशोधन मात्र सावकाश वाचा. सायकल ही वस्तू की अनुभव, यावरच वाद घालता येतो.