सीवूड्सहून फॉस्टर सिटीला यायचं म्हणतेस तर हे वाच

तुझा प्रश्न वाचला आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. नवऱ्याची बदली कॅलिफोर्नियातल्या सॅन मटेओच्या ऑफिसला होतेय, सीवूड्सचा फ्लॅट भाड्याने देऊन निघायचं, मुलगा तिसरीत आहे, तिथे शेजारच्या फॉस्टर सिटीतली लगूनकाठची (गावातल्या तळ्याकाठची) घरं फोटोत फार आवडली, तर घ्यावं का तिथे घर, आणि एकटं वाटतं का, एवढंच तू विचारलंयस. मी नेरूळची. तू ताई म्हणालीस म्हणून अगंतुगं करते. व्हिसाची फी, फॉर्मचे नंबर वगैरे सरकारी साइटवर आहे, ते मी लिहीत बसत नाही.

पाण्यापासून सुरू करते, कारण तिथे तुला फार परकं वाटणार नाही. हे गाव पण नवी मुंबईसारखंच कागदावर आखून मग बसवलेलं, खाडीकाठच्या दलदलीवर भराव टाकून. टी. जॅक फॉस्टर नावाच्या बिल्डरने १९६० च्या दशकात केलं, १९६४ ला पहिली कुटुंबं आली, १९७१ ला स्वतंत्र शहर झालं, म्हणजे आपली सिडको स्थापन झाली त्याच्या पुढच्याच वर्षी. लगून दिसायला शोभेचं, पण त्याचं खरं काम पावसाचं पाणी साठवायचं. आपल्या होल्डिंग पाँडचं जे काम तेच. नेरूळला ज्वेल ऑफ नवी मुंबईला चक्कर मारतेस ना, तो पण होल्डिंग पाँडच. आपल्याकडे भरतीला झडपा बंद होतात आणि ओहोटीला पाणी खाडीत जातं, इथे पंपाने उपसून बेमध्ये, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत, टाकतात. पाऊस इथे हिवाळ्यात पडतो, म्हणून हिवाळा आला की लगूनची पातळी मुद्दाम खाली आणतात, आणि मग घरांमागच्या धक्क्यांचे खांब उघडे पडतात, त्यावर शेवाळाची काळपट हिरवी रेघ दिसते, काठाला चिखल आणि तो वास, अगदी पाम बीच रोडला ओहोटीच्या वेळी येतो तसा. घरं विकणाऱ्यांच्या फोटोत हे दिवस कधीच नसतात. मला मात्र तेच दिवस सगळ्यात आवडतात.

बाहेरच्या बाजूला बे आणि गाव यांच्यामध्ये बांध आहे. तो पुरेसा उंच नाही असं २०१४ ला फेमाने, म्हणजे इथल्या सरकारच्या आपत्ती खात्याने, सांगितलं, मग २०१८ ला लोकांनी मतदान करून ९ कोटी डॉलरचे बाँड मंजूर केले आणि २०२४ च्या सुरुवातीपर्यंत बांध उंच करून झाला. तो पैसा घरमालकांच्या टॅक्स बिलातून जातो. पाणी आपल्या पातळीच्या वर आहे आणि मध्ये माणसांनी बांधलेली भिंत आहे, हे २६ जुलै पाहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही, पण इथे घर दाखवणारे एजंट हा विषय एका वाक्यात संपवतात, म्हणून विचार. भूकंपाचंही विचार, भरावाची जमीन हादऱ्यात ढिली पडते. घराच्या साध्या विम्यात भूकंप पण नसतो आणि पूर पण नसतो, दोन्ही वेगळे घ्यावे लागतात.

किमतीचं थोडक्यात, पाण्यावरचं स्वतंत्र घर वीस लाख डॉलरच्या खाली सहसा मिळत नाही. प्रॉपर्टी टॅक्स तुम्ही ज्या भावाला घेता त्यावर लागतो आणि टॅक्ससाठी धरलेली ती किंमत मग वर्षाला जास्तीत जास्त दोन टक्क्यांनी वाढते, त्यामुळे शेजारी तीस वर्षांपूर्वी आलेले आजी-आजोबा तुमच्यापेक्षा कितीतरी कमी भरत असतात. पहिली दोन वर्षं भाड्यानेच राहा, अपार्टमेंट मधूनही लगून दिसतं. लगूनवर पेट्रोलची बोट चालत नाही, वल्ह्याची, शिडाची किंवा बॅटरीची चालते, त्यामुळे पाणी शांत असतं हे खरं. वारा मात्र उन्हाळ्यात दुपारनंतर असा सुटतो की गॅलरीत कपडे राहणार नाहीत (तसे ते वाळत घालूही देत नाहीत बऱ्याच सोसायट्यांमध्ये). विमानं डोक्यावरून जातात. आणि कॅनडा गीज, मोठे करडे हंस, बागेत पाय ठेवायला जागा नाही इतकी घाण करतात. आपल्याकडे लोक फ्लेमिंगो वाचवायला रस्त्यावर उतरतात, इथे २०२२ ला गावाने हंस मारायची परवानगी काढली तेव्हा त्याच्या विरोधातही लोक उभे राहिले, ते मला फार बरं वाटलं.

आता एकटेपणा. पाण्यावरच्या घरांचं तोंड पाण्याकडे असतं. सगळं छान छान, डेक, खुर्च्या, झाडं, मागच्या बाजूला. रस्त्याच्या बाजूला फक्त गॅरेजचं दार. माणूस गाडीतून येतो, बटण दाबतो, दार वर जातं, गाडी आत, दार खाली, झालं, तुम्हाला त्याचा चेहरा पण दिसलेला नसतो. पहिलं वर्षभर मी दुपारी मुद्दाम कचऱ्याचा डबा आत घ्यायला उशिरा जायचे, कोणीतरी भेटेल म्हणून. वाशीला मी एका कंपनीत अकाउंट्स बघायचे, लोकलच्या डब्यात भाजी निवडणाऱ्या बायका, स्टेशनबाहेर कांदेपोहे, सोसायटीत वॉचमनपासून सगळ्यांना आपलं नाव माहीत, आणि इथे मी डिपेंडंट. तो शब्द माझ्या कागदावर छापलेला होता गं. स्वयंपाक करून झाला की अकरा वाजलेले असायचे आणि संध्याकाळ व्हायला सात तास. नवरा चांगला आहे, पण तो दमून यायचा आणि माझ्याकडे दिवसभराचं साठलेलं बोलणं असायचं, त्यावरून जी भांडणं झाली ती मी कोणाला सांगितलेली नाहीत, तुला सांगतेय. महाराष्ट्र मंडळ आहे, गणपती होतो, दिवाळीचे कार्यक्रम होतात, ओळखी होतात, जा जरूर. पण गणपती वर्षातून एकदा येतो, मंगळवार दुपार दर आठवड्याला येते.

म्हणून पहिली गोष्ट ही विचार की बदली एल-१ वर (कंपनीतल्या कंपनीत बदलीचा व्हिसा) आहे का एच-१बी वर (शिकलेल्या नोकरदारांचा व्हिसा). एल-१ असेल तर बायको म्हणून तुला एल-२ मिळेल आणि उतरल्यापासून काम करता येईल, २०२१ च्या शेवटापासून त्यासाठी वेगळं वर्क परमिटचं कार्ड लागत नाही. एच-१बी असेल तर तू एच-४, आणि नवऱ्याचा ग्रीन कार्डचा आय-१४०, म्हणजे कंपनीने त्याच्यासाठी भरायचा अर्ज, मंजूर होईपर्यंत सहसा तुला वर्क परमिट नाही. कंपनीला दोन्ही शक्य असेल तर नवऱ्याला तुझ्यासाठी भांडायला लाव. हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी पण भांडले असते.

दुसरं, जन्मदाखले. ग्रीन कार्डच्या वेळी तुमचे दोघांचे आणि मुलाचे, जन्मानंतर वर्षाच्या आत नोंदलेले हवेत, त्यात आईवडिलांची पूर्ण नावं हवीत. आता आपल्या पिढीचे दाखले कसे असतात तुला माहितीय, माझ्यावर नावाच्या जागी नुसतं "मुलगी", आईचं नाव एका कागदावर माहेरचं, दुसऱ्यावर सासरचं. ते दुरुस्त करायला माझी आई, गुडघे दुखत असताना, एका ऑफिसात किती वेळा जाऊन आली, साहेब जेवायला गेलेत, साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या. ती फोनवर हसून सांगायची आणि मी इकडे लगूनकडे बघत बसायचे. तू तिथे आहेस तोवर हे सगळं उरकून घे. मॅरेज सर्टिफिकेट पण रजिस्ट्रारचं हवं, पत्रिका आणि फोटो म्हणजे सर्टिफिकेट नव्हे.

आणि शाळा. खरं तर तू मुलगा तिसरीत आहे म्हणालीस तिथेच मला लिहावंसं वाटलं. प्रवेशाच्या वेळी एक फॉर्म देतात, मूल पहिल्यांदा कोणती भाषा बोललं, घरी कोणती बोलतं, तुम्ही त्याच्याशी कोणती बोलता. या तीनपैकी एकाही उत्तरात इंग्रजी सोडून काही लिहिलं की महिनाभरात मुलाची इंग्रजीची परीक्षा होते. आम्ही मराठी लिहिलं, खरं तेच लिहिलं. माझा मुलगा तेव्हा दुसरीत, नेरूळला इंग्लिश मीडियमला होता, घडाघडा वाचायचा. अनोळखी बाई समोर बसली, चित्र दाखवून बोल म्हणाली, तो लाजला आणि गप्प बसला. झालं, इंग्लिश लर्नर, म्हणजे इंग्रजी अजून शिकायचंय, असा शिक्का. मग वर्ग चालू असताना त्याला आणि आणखी तीन-चार मुलांना उठवून दुसऱ्या खोलीत न्यायचे, तो उठून जाताना बाकीचे बघायचे. मी भेटायला गेले तर मला हळू हळू, एकेक शब्द तोडून समजावलं. अशा मुलांची इंग्रजीची पहिली वार्षिक परीक्षा व्हायच्या आत या निकालाची फेरतपासणी मागता येते, हे शाळेतल्या माणसांना माहीत असणार ना? एकानेही सांगितलं नाही. शिक्का निघायला पुढची दोन वर्षं गेली. आणि एक दिवस गाडीतून उतरताना तो मला म्हणाला, आई, शाळेजवळ माझ्याशी मराठी नको बोलूस. आता हायस्कूलला आहे, पलीकडे सॅन मटेओत जातो कारण फॉस्टर सिटीत सरकारी हायस्कूलच नाही, हुशार आहे, छान चाललंय सगळं. आजीशी व्हिडिओ कॉलवर दोन वाक्यं बोलतो, ती पण इंग्रजी मिसळून, आणि आई म्हणते असू दे गं. मला नाही असू दे वाटत. आणि एवढं करून तो २१ चा होईपर्यंत आमचा ग्रीन कार्डचा नंबर लागेल याची खात्री नाही, नाही लागला तर त्याला स्वतःचा वेगळा व्हिसा शोधावा लागेल, ज्या देशासाठी त्याने मराठी सोडलं त्याच देशात.

तू फॉर्मवर खरंच लिही. पण आधीपासून त्याला अनोळखी माणसांसमोर इंग्रजीत बोलायची सवय लाव, ही परीक्षा कशाची आहे ते त्याला नीट सांग, आणि निकाल चुकीचा वाटला तर त्याच आठवड्यात लेखी फेरतपासणी माग. गोड बोलून काही होत नाही, ईमेल लिही. आणि बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत पहिल्याच वर्षी घाल, दोन वर्षांनी बघू म्हणू नकोस.

लसीकरणाचं कार्ड इंग्रजीत, डॉक्टरांच्या सही-शिक्क्यासकट आण. टीबीबद्दल विचारतील तेव्हा त्वचेची नको, रक्ताची चाचणी करा म्हणून सांग, आपल्याकडच्या मुलांना बीसीजी दिलेली असते त्यामुळे त्वचेची उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग एक्स-रेचं लचांड मागे लागतं. एल-१ का एच-१बी ते कळलं की लिही, त्यावर बाकीचं सांगते.