रेवस ते रेडी, दोन कुत्रे आणि एक सायकल: पंधरा दिवसांत कोकण किनारा होईल का?

तुम्ही लिहिलंय की निवृत्तीनंतर कॅराव्हॅन घेतली आहे, घरात दोन कुत्रे आहेत, त्यातला लॅब्राडोर अकरा वर्षांचा, आणि मागे एक सायकल लावायची आहे. डिसेंबरात अलिबागजवळच्या रेवसपासून गोव्याच्या सीमेजवळच्या रेडीपर्यंतचा सगळा किनारा पंधरा दिवसांत होईल का, आणि म्हाताऱ्या कुत्र्याला न्यावं का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

पंधरा दिवसांत होईल. पण करू नका, असं मी अगदी कळकळीने सांगते, कारण पहिल्या वर्षी आम्ही तेच करायला निघालो होतो. महाराष्ट्राला ७२० किलोमीटरचा किनारा म्हणून शाळेत शिकलेलो असतो, नकाशावर तो सरळ दिसतो. रस्ता मात्र खाडीतून सड्यावर, म्हणजे वरच्या खडकाळ पठारावर चढतो, सड्यावरून परत खाडीत उतरतो, आणि हे दिवसभर चालू राहतं. आपण सीटला पट्टा लावून बसलेलो असतो. मागे कुत्रा प्रत्येक वळणाला चार पायांवर तोल सांभाळत असतो. रत्नागिरी येईपर्यंत आमच्या मनीने (ती कुत्री आहे, नाव मनी) खाणं सोडलं. आम्ही तिथूनच घरी परतलो.

त्यानंतर आम्ही एका फेरीत एक तालुका, फार तर दोन, असं धरलं. एका वर्षी दापोली, पुढच्या वर्षी गुहागर, मग देवगड आणि मालवण. दिवसाला तीस-चाळीस किलोमीटर गाडी आणि एका जागी दोन मुक्काम. तुमच्याकडे पंधरा दिवस आहेत तर हरिहरेश्वर ते गणपतीपुळे एवढाच टापू घ्या. त्यात सावित्री, वाशिष्ठी आणि शास्त्री अशा तीन नद्यांच्या खाड्या फेरीबोटीने ओलांडायला मिळतात. बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. दाभोळची फेरीबोट २००३ मध्ये सुरू झाली. त्याआधी दापोलीकडून गुहागरला गाडी न्यायची तर चिपळूणचा वळसा पडायचा.

सायकलीबद्दल तुम्ही एका ओळीत विचारलंय, पण मला वाटतं तुमच्या सगळ्या प्रवासाची ती किल्ली आहे. आमच्याकडे गाडी नवरा चालवतो, सायकल माझी. आंजर्लं, केळशी, मुरुड, गुहागर या गावांचे आतले रस्ते दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे (दगडी कुंपणं) आणि वर सुपारीच्या वाडीतून आलेल्या विजेच्या तारा असे आहेत. समोरून एसटी आली की लहान मोटारीलाही मागे जावं लागतं. पहिल्या वर्षी दापोली तालुक्यातल्या एका गावात आम्ही नकाशाच्या भरवशावर आत शिरलो आणि पाऊण तास मागे मागे येत बाहेर पडलो. गावातली चार माणसं पुढे-मागे उभी राहून हात दाखवत होती, म्हणून एकाही गडग्याला धक्का लागला नाही. तेव्हापासून गाडी गावाबाहेर, शाळेपाशी नाहीतर देवळाच्या मोकळ्या जागेत थांबते, आणि मी सायकलवरून आधी आत जाऊन येते. गल्लीची रुंदी बघायची, खालच्या फांद्या आणि तारा बघायच्या, गाडी वळवायला जागा आहे का ते बघायचं. सायकलवर आलेल्या बाईशी लोक थांबून बोलतातही. ‘कुठून आलात, कोणाकडे उतरलात’ इथून सुरुवात होते आणि बहुतेक वेळा त्यातूनच रात्रीची जागा मिळते.

कारण कोकणात कॅराव्हॅन उभी करायला ठरलेले तळ जवळजवळ नाहीतच. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण किनाऱ्यावर तुम्हाला प्रत्यक्षात उपयोगी पडतं ते कोणाचं तरी अंगण. घरगुती राहण्या-जेवणाची सोय करणाऱ्यांना आदल्या दिवशी फोन करायचा आणि सरळ सांगायचं: खोली नको, अंगणात गाडी लावू, जेवण तुमच्याकडे घेऊ, बरोबर दोन कुत्रे आहेत. कुत्र्यांचं आधीच सांगा. काही जण नाही म्हणतील, त्यांच्या घरी गाय असते, मांजरं असतात, ओटीवर देव असतात. नाही म्हणणाऱ्या माणसावर रुसू नका. आणि गाडी आंब्याखाली लावा, माडाखाली कधीच नको. नारळ तर पडतोच, पण वाळलेली झावळसुद्धा काच फोडते.

फेरीबोटीची एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. जेटीचा उतार आणि बोटीची फळी यांच्यामधला कोन पाण्याच्या पातळीबरोबर बदलतो. पूर्ण ओहोटीला बोट खाली गेलेली असते आणि मागच्या चाकांच्या पलीकडे लांब शेपूट असलेली गाडी चढताना-उतरताना मागून घासते. आमची सायकल मागच्या कडीवर आडवी टांगलेली होती. एका जेटीवर उतरताना तिचं मागचं चाक फळीला टेकलं आणि रिम वाकली. चूक आमचीच, बोटीवरचा माणूस ‘सायकल काढा’ म्हणून ओरडत होता. आता जेटीवर पोचलो की सायकल उतरवून मी ती हाताने बोटीवर नेते. आणि भरती अर्ध्यावर आली असेल अशा वेळेलाच गाडी चढवतो. बोटीचा पत्रा उन्हात तापतो, म्हणून कुत्रे गाडीतच, खिडक्या उघड्या ठेवून.

आता भरती-ओहोटी. तुम्ही घाटावरचे आहात असं लिहिलंय, म्हणून सविस्तर सांगते. किनाऱ्यावरच्या लोकांचा साधा हिशोब असा: तिथीला पाऊणने गुणायचं, की भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. हे मुंबई-अलिबागकडचं गणित, दक्षिणेला मालवणकडे भरती थोडी आधी येते. पौर्णिमा आणि अमावस्येला भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणजे ओहोटी सकाळी सहाच्या सुमाराला आणि परत संध्याकाळी. शिवाय ते उधाणाचे दिवस, पाणी खूप आत जातं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी फारसं हलतच नाही.

यावरून मी आमची सहल पौर्णिमेला किंवा अमावस्येला सुरू करते आणि पुढचे चार-पाच दिवस किनाऱ्यालगत राहते. पहाटे थंड हवेत ओली, कडक वाळू उघडी पडलेली असते. त्यावर सायकल रस्त्यासारखी चालते आणि कुत्र्यांचे पाय रुतत नाहीत. दापोलीजवळचं कर्दे-मुरुड आणि गुहागरचा लांबच लांब किनारा यासाठी फार सुंदर आहेत. नऊ वाजेपर्यंत परत यायचं, अर्धी भरती आलेली असते तेव्हा फेरीबोट गाठायची, दुपार सावलीत. सगळं एकमेकांत चपखल बसतं. कुत्र्याची दोरी सायकलला बांधून मात्र पळवू नका. मी सायकल हातात धरून चालते आणि कुत्रे कंटाळले की नवरा त्यांना घेऊन मागे फिरतो. मग मी एकटी पुढे जाते. परतल्यावर सायकल गोड्या पाण्याने धुऊन साखळीला तेल घालायचं, रोज. दोन दिवस राहिलं तरी खारं पाणी गंज धरवतं. मोटार मात्र पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, अजिबात उतरवू नका, तुमची तर साडेतीन टनांची. ओहोटीला कडक वाटणारी वाळू भरतीत चाकं गिळते.

कुत्र्यांसाठी पुळणीवर काय धोका, ते शहरात कोणी सांगत नाही. समुद्रात बुडण्याची भीती त्या मानाने कमी. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढून झाली की नको असलेली मासळी वाळूवर टाकून देतात. त्यात केंड असतो, फुगणारा मासा, तो विषारी. कुत्र्याने खाल्ला तर जीव जाऊ शकतो. पाकटाच्या शेपटीला काटा असतो. जाळ्यात आलेला समुद्रसाप कधीकधी जिवंत असतो. शिवाय गळ, नायलॉनच्या दोऱ्या. म्हणून रापण चालू असेल तिथे दोरी आखूड धरायची, आणि घरीच ‘सोड’ हा एक शब्द पक्का शिकवून न्यायचा. आमचा काळू देशी आहे, त्याला हे शिकवायला चार महिने लागले, आणि तारकर्लीला त्या एका शब्दावर त्याने तोंडातला मासा टाकला. तो केंड होता की नाही हे बघायला मी थांबले नाही.

खारं पाणी पिऊन उलट्या-जुलाब होतात, म्हणून दर वीस मिनिटांनी गोडं पाणी पाजा. गोचिडांचं औषध निघायच्या आधी लावा. रेबीजची आणि लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लस ताजी हवी, नोंदवही बरोबर हवी. गावातले कुत्रे टोळीने येतात, त्यांच्यावर दगड उगारू नका, आपले कुत्रे घेऊन शांतपणे बाजूने जा.

कासवांबद्दल माझी तुम्हाला विनंती आहे. वेळास, आंजर्लं, गुहागर, गावखडी, वायंगणी या किनाऱ्यांवर साधारण नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले माद्या रात्री अंडी घालायला येतात. कुत्रे आणि कोल्हे घरटी उकरतात. वेळासमध्ये २००२ पासून गावकऱ्यांनी सह्याद्री निसर्गमित्र संस्थेबरोबर रात्री-पहाटे किनारा फिरून ही घरटी जपली आहेत. त्या माणसांच्या मेहनतीवर आपला लाडका कुत्रा पंजा मारतोय, हे मला सहन होत नाही. वेळासला आम्ही कुत्र्यांना किनाऱ्यावर नेतच नाही. एक जण गाडीपाशी थांबतो, दुसरा जाऊन येतो. बाकीच्या या गावांत उजाडल्यावरच, दोरीवर, आणि ओल्या वाळूवरूनच चालायचं. घरटं कोरड्या वाळूत, भरतीच्या रेषेच्या वर असतं. देवळांमध्येही आम्ही असेच आळीपाळीने जातो.

रात्री कुत्रे गाडीच्या आत. गुहागर तालुक्यात एका अंगणात आम्ही काळूला बाहेर खुंटीला बांधलं होतं. घरातल्या आजोबांनी येऊन स्वतः दोरी सोडली. म्हणाले, ‘वाघ येतो हो वाडीत. आमचे दोन नेले यंदा.’ वाघ म्हणजे बिबट्या. त्याला कुत्रा सगळ्यात सोपा.

पाणी विहिरीचं मिळतं, विचारून घ्या. शौचालयाची टाकी सोय असेल तिथेच रिकामी करा, खाडीत किंवा पऱ्ह्यात (ओढ्यात) कदापि नाही. वीज यजमानांकडून घेतली तर पैसे द्या, ते मागणार नाहीत.

आता तुमचा दुसरा प्रश्न. अकरा वर्षांच्या लॅब्राडोरला न्या. पण आधी त्याचं हृदय आणि सांधे डॉक्टरांकडून तपासून घ्या. त्याचा खरा शत्रू दमट हवा आहे. कुत्रा जिभेवरचं पाणी उडवून थंड होतो, आणि कोकणात हवेतच इतकं पाणी असतं की ते उडत नाही. तीस अंशांना पुण्यात जो कुत्रा बरा असतो तो दिवेआगरला धापा टाकतो. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंतचे दिवस चांगले. उन्हात बंद गाडीत पाच मिनिटंही ठेवायचं नाही, बाजारातून नारळ आणायचा असला तरी एकानेच उतरायचं. डांबरी रस्त्यावर तळहाताची मागची बाजू टेकवा, सात सेकंद ठेवता आली नाही तर त्यालाही चालवू नका.

गाडीत चढायला त्याला लाकडी फळी करून घ्या, वर काथ्याची पट्टी ठोका म्हणजे पंजे घसरत नाहीत. आमच्या मनीसाठी शेवटच्या दोन वर्षांत आम्ही तीच केली होती. तेव्हा तिला वेळणेश्वरला नेलं होतं, तेरा वर्षांची होती. पाण्यात गेली नाही. ओहोटीच्या ओल्या वाळूवर पोट टेकून बसली, लाटेचा फेस पुढच्या पंज्यांपर्यंत आला की नाक खाली न्यायची, परत वर. दीड तास. नवऱ्याने सायकल वाळूत आडवी टाकली आणि आम्ही दोघं तिच्या शेजारी बसून राहिलो. त्या दिवशी आम्ही गाडी चालवलीच नाही. तुमच्या पंधरा दिवसांत असे दोन-तीन दिवस रिकामे ठेवा, कुठे ते आत्ता ठरवू नका. तो कुठे बसतो ते बघा.