शब्द पानावर डोळ्यांना दिसतो, पण 'शोधा' म्हटलं की सापडत नाही. असं का होतं?

तुम्ही लिहिलंय की एका संकेतस्थळावरच्या लेखात 'वऱ्हाड' हा शब्द ठळक दिसतो, पण तिथल्याच शोधाच्या चौकटीत 'वऱ्हाड' टाइप केलं की 'काहीही सापडले नाही' असं उत्तर येतं. शुद्धलेखन तीनदा तपासलंत, असंही म्हणता. तुमचं शुद्धलेखन बरोबर आहे. त्या लेखातलंही बरोबर आहे. तरी संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असणार, अशी माझी जवळजवळ खात्री आहे. लेखातला शब्द कॉपी करून त्याच चौकटीत चिकटवा. आता सापडला, तर दुखणं तेच.

मी मूळची कऱ्हाडची. गावाच्या नावातच हे अक्षर. आणि गेली कित्येक वर्षं पोटापाण्याला अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधन करते, त्यामुळे या एका अर्ध्या र शी माझी रोज गाठ पडते.

आधी अक्षराबद्दल. मराठीत र पुढच्या व्यंजनाला दोन तऱ्हांनी जोडला जातो. एक रफार: सूर्य, कार्य, पर्याय. दुसरा तो आडवा, बाक दिलेला अर्धा र: दऱ्या, पायऱ्या, फेऱ्या, बिऱ्हाड, कुऱ्हाड, गुऱ्हाळ. हा दुसरा फक्त य आणि ह यांच्या आधी येतो. हिंदीत तो नाहीच. मोठ्यानं म्हणून बघा, फरक कानाला लगेच कळतो. 'दर्या' म्हणताना द वर आघात येतो, 'दऱ्या' म्हणताना येत नाही, र अलगद य ला चिकटतो. एक समुद्र, दुसरं दरीचं अनेकवचन. तसंच 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना'. पहिले शिकवणारे, दुसरे स्वयंपाक करणारे. म्हणजे ही नुसती वळणाची हौस नाही, यानं अर्थ बदलतो.

आता संगणक. त्याला आकार कळत नाही, क्रमांक कळतात. युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या सामाईक यादीत प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. र चा ०९३०. पण या आडव्या अर्ध्या र ला स्वतंत्र क्रमांक कधी मिळालाच नाही. तो काहीतरी जोडून बनवावा लागतो, आणि बनवायच्या रीती झाल्या दोन.

१९९६ साली युनिकोडची दुसरी आवृत्ती आली, तिच्यातली रीत अशी: र, मग पाय मोडण्याची खूण, मग एक न दिसणारी खूण, मग य. या न दिसणाऱ्या खुणेचं नाव झिरो विड्थ जॉइनर. रुंदी शून्य, काम फक्त सांधण्याचं. ती तिथं आहे म्हणून संगणक रफार न काढता आडवा र काढतो. व्हॉट्सॲपवर आई, बाबा आणि मुलगी असं एकत्र कुटुंबाचं चित्र तुम्ही पाठवता ना, ती खरं तर तीन वेगळी चित्रं असतात आणि त्यांना जोडते ती हीच खूण. कुटुंबही तीच बांधते आणि आपल्या दऱ्याही तीच.

दुसरी रीत भारतीय मानकातून आली. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाची संकेतप्रणाली होती, भारतीय मानक ब्युरोनं ती १९९१ मध्ये मानक म्हणून स्वीकारली. तिच्यात आडवा र लिहायला खाली नुक्ता, म्हणजे टिंब, असलेला ऱ वापरायचे: ऱ, पाय मोडण्याची खूण, य. युनिकोडनंही पुढे हीच रीत मुख्य धरली. पण तोवर पहिल्या रीतीनं लिहिलेला मजकूर साठला होता, तो मोडू नये म्हणून जुनी रीतही चालू ठेवली. दोन्ही वैध, पडद्यावर दोन्ही अगदी सारख्या दिसतात, क्रमांक मात्र निराळे.

मला सगळ्यात नवल वाटतं ते त्या ऱ चं. त्याचा क्रमांक ०९३१. हे अक्षर मराठीच्या वर्णमालेत नाही. ते देवनागरीत आणलं गेलं द्राविडी भाषांसाठी, तमिळ आणि मल्याळममध्ये नेहमीच्या र खेरीज आणखी एक वेगळा र आहे, तो देवनागरीत दाखवता यावा म्हणून. 'तिरुक्कुरळ' या तमिळ ग्रंथाच्या नावातला दुसरा र तो. आपण तो अख्खा कधी लिहीत नाही, पण त्याचा पाय मोडला की वऱ्हाड, कऱ्हाड आणि बिऱ्हाड लिहिता येतात. तमिळसाठी केलेल्या सोयीवर आपलं इतकं अस्सल मराठी अक्षर उभं आहे, हे कळलं त्या दिवशी मी घरी येऊन सगळ्यांना सांगत बसले होते.

तुमच्याकडे संगणक असेल तर हे डोळ्यांनी बघता येतं. खाली दोन शब्द देते, पहिला जुन्या रीतीनं लिहिलेला आणि दुसरा नव्या:

दर्‍या
दऱ्या

दोन्ही लिहायच्या खिडकीत चिकटवा आणि शेवटी कर्सर ठेवून बॅकस्पेसची कळ एकेकदा दाबत जा. आधी काना जाईल, मग य. इथवर दोन्ही सारखे. आणखी एकदा दाबा. पहिल्या शब्दात आडवा आकार मोडतो आणि पाय मोडलेला साधा र् उभा राहतो, कारण गेली ती न दिसणारी खूण. दुसऱ्यात नुक्तेवाला ऱ उघडा पडतो. (चिकटवताना एखाद्या ॲपनं ती खूण खाल्ली तर पहिला शब्द चक्क 'दर्या' दिसेल. तेही बघण्यासारखंच आहे.)

ही खूण खाल्ली जाण्यानं फार नुकसान होतं. बरेच वेबफॉर्म आणि मजकूर साफ करणारे प्रोग्राम 'न दिसणारी अक्षरं म्हणजे कचरा' असं धरून ती काढून टाकतात. ती गेली की उरतं र, पायमोड, य. म्हणजे सरळ रफार. 'वार्यावर', 'दुसर्या', 'अपुर्या' असं जे तुम्हाला जागोजाग वाचायला मिळतं, त्यातलं सगळं लिहिणाऱ्याच्या आळसातून आलेलं नसतं. कित्येकदा त्यानं बरोबर लिहिलेलं असतं, वाटेत मोडलेलं असतं. कुणाचं शुद्धलेखन काढण्याआधी एवढा संशयाचा फायदा मी हल्ली देते.

एक प्रसंग सांगते. एका शाळेची स्मरणिका माझ्याकडे जुळणीला होती. तीत शाळेच्या वसतिगृहात आयुष्यभर स्वयंपाक केलेल्या एका गृहस्थांवर एका माजी विद्यार्थ्यानं फार जीव लावून लिहिलं होतं. मजकूर ऑनलाइन फॉर्ममधून गोळा केलेला, त्यामुळे सगळीकडे 'आचार्यांनी पहाटे चारला चूल पेटवली', 'आचार्यांच्या हातची आमटी' असं झालेलं. मी 'आचार्यां' शोधून सगळीकडे 'आचाऱ्यां' करून घेतलं. मग खात्रीसाठी 'आचार्यां' पुन्हा शोधलं, एकही सापडलं नाही. निर्धास्त झाले आणि छापायला दिलं. एक 'आचार्यानी' राहिला होता, य वरचा अनुस्वार सुटलेला, म्हणून शोधात न आलेला. नेमका छायाचित्राखालच्या ओळीत.

प्रकाशनानंतर दोन दिवसांनी ते गृहस्थ नातवाला घेऊन दुकानात आले. धोतर, हातात पिशवी, पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली स्मरणिका. त्यांनी ते पान उघडलं, ओळीखाली बोट ठेवलं आणि म्हणाले, "ताई, मी आचारी. आचार्य तर आमचे हेडसर." रागावले नव्हते. त्यांना फक्त ते नीट हवं होतं. मी शुद्धिपत्र छापून देते म्हटलं, तर म्हणाले, "माझ्या प्रतीत पेनानं करा, माझ्या देखत." मी रफार खोडला, काळ्या शाईनं तो आडवा र काढला आणि वर अनुस्वार दिला. त्यांनी पान उजेडाकडे धरून पाहिलं, शाई वाळेपर्यंत थांबले, मग पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत ठेवलं. उरलेल्या प्रतींत मी चिठ्ठ्या चिकटवल्या. तेव्हापासून शब्द शोधताना मी फक्त 'चार्य' एवढाच तुकडा शोधते आणि प्रत्येक जागा डोळ्यांनी बघते.

अशाच जातीचं दुसरं अक्षर म्हणजे ॲ. त्याला स्वतंत्र क्रमांक मिळाला २००८ साली, युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत. तोवर कुणी अ वर चंद्र बसवायचं, कुणी हिंदीतला ऍ घ्यायचं. त्यामुळे 'ॲप' आजही तीन तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं आणि एक शोधलं की दुसरं हाती लागेलच असं नाही.

तुमच्या संकेतस्थळाचं म्हणाल, तर सगळी शोधयंत्रं सारखी वागत नाहीत. काही यंत्रं न दिसणाऱ्या खुणा आणि नुक्ते बाजूला ठेवून शोधतात, त्यांना दोन्ही रूपं सापडतात. काही क्रमांकाला क्रमांक ताडून बघतात, तुमचं त्यातलं दिसतं. युनिकोडमध्ये मजकूर एकसारखा करून घेण्याची सोय आहे, पण ती सुटा र आणि सुटा नुक्ता जोडून एक ऱ करते तेवढंच. जॉइनरवाल्या जुन्या रूपाला ती हात लावत नाही. म्हणून हा बदल मुद्दाम सांगून करावा लागतो. ग्रंथालयाच्या किंवा सभासदांच्या यादीत 'कऱ्हाडे' आडनाव दोन वेगळ्या ठिकाणी लागलेलं दिसलं, तर तिथंही हेच झालेलं असतं.

तुम्ही स्वतः लिहिताना ऱ वापरा. इनस्क्रिप्ट कळफलकावर र च्या कळेवर शिफ्ट धरली की तो येतो. माझ्या फोनवर र दाबून धरला की वर दिसतो. त्याचा पाय मोडून पुढे य किंवा ह द्या. यात न दिसणारं काही नसल्यामुळे तो वाटेत सहसा मोडत नाही.

आणि त्या संकेतस्थळाच्या चालकांना एक ओळ लिहाच: मजकूर साठवताना आणि शोधताना 'र, पायमोड, जॉइनर' हा क्रम जिथं येईल तिथं 'ऱ, पायमोड' करून घ्या. सोबत वरचे दोन 'दऱ्या' जसेच्या तसे पाठवा, पण ईमेलमध्ये चिकटवू नका, साध्या टेक्स्ट फाइलमध्ये जोडा. नाहीतर जाता जाता पहिल्याचा समुद्र व्हायचा.