बागेत पहिल्यांदा गाऊन राहिला ना, मग हे वाच

भाऊ, सगळ्यात आधी सावली बघ. आपल्या नागपूरचं ऊन डिसेंबरातही दुपारी दोनला चांगलंच लागते, अन् माणसापेक्षा वाद्यांना जास्त. तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, तापली की ताणते, सूर चढतो, तंबोऱ्याची तार मात्र तापून उतरते, मग दोघं दोन टोकाला अन् गाणारा मधात. धरमपेठेत मित्राकडे माझं हेच झालं, तबलजी बिचारा अर्धा तास हातोडी घेऊन गट्टे (तबल्याच्या बाजूचे सूर लावायचे लाकडी ठोकळे) ठोकत बसला आणि भीमपलास रागाचा आलाप तिथेच राहिला, अजून वाईट वाटते. म्हणून आदल्या दिवशी जाऊन तीन-चार वाजता कडुनिंबाची सावली कुठे सरकते ते पाहून ये, सतरंजी तिथेच टाक.

दुसरं, मोकळ्यात आवाज परत कानावर येत नाही, म्हणून नवीन माणूस नकळत ओरडते अन् गळा बसतो. भिंतीला पाठ करून बस, खूप फरक पडते. वीस-पंचवीस लोकांना माईक लागत नाही.

राग दुपारचाच घे, बाराला वृंदावनी सारंग, तीननंतर भीमपलास. यमन कितीही पक्का असला तरी संध्याकाळसाठी ठेव. पोहे-चहा गाणं झाल्यावर.